डोळ्यातील मेलानोमा आणि आण्विक तपासण्या : पेट स्कॅनमध्ये न दिसलेली गाठ

बडोद्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या एका ताईंनी आपल्या मामांविषयी विचारले आहे. मामांचे वय ६१. दोन महिन्यांपासून डाव्या डोळ्यापुढे कोपऱ्यात सावली येते म्हणून ते नेत्रतज्ज्ञांकडे गेले. डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून तपासले तेव्हा दृष्टिपटलाखालच्या कोरॉइड नावाच्या रंजित थरात तपकिरी गाठ दिसली. बी-स्कॅन सोनोग्राफीत तिचा पाया ९ मिलिमीटर आणि उंची ३.२ मिलिमीटर भरली. डॉक्टरांनी मेलानोमाचे, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे निदान केले, प्लाक पद्धतीचा किरणोपचार (डोळ्याच्या भिंतीवर गाठीलगत काही काळ किरणोत्सारी चकती बसवणे) सुचवला आणि त्याआधी पेट-सीटी, म्हणजे थोडे किरणोत्सारी द्रव्य देऊन सर्व शरीराची चित्रे घेणारी आण्विक तपासणी, करून आणायला सांगितले. त्या अहवालात लिहिले आहे की डाव्या डोळ्यात एफडीजी या किरणोत्सारी साखरेचे वाढीव ग्रहण नाही आणि शरीरात अन्यत्र रोग पसरल्याचे दिसत नाही. घरात देवापुढे साखर ठेवली गेली. मामा आता म्हणतात की कॅन्सर नाहीच, मग उपचार कशाला? त्यातच कोणीतरी सांगितले की मेलानोमासाठी स्पेक्ट नावाचा वेगळा आण्विक स्कॅन असतो, तो मुंबईला जाऊन करावा. ताईंचे प्रश्न दोन आहेत : पेट स्कॅनमध्ये डोळ्यात काही दिसले नाही म्हणजे मेलानोमा नाही असे समजावे का, आणि डोळ्यातील मेलानोमा ओळखण्यासाठी आण्विक तपासण्यांपैकी सर्वांत चांगली कोणती?

मी बडोद्यात वीसहून अधिक वर्षे न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे आण्विक वैद्यक या शाखेत काम करतो आहे, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच स्पष्ट देतो : नाही, तसे समजू नये. अहवालातल्या दोन वाक्यांचे वजन सारखे नाही. शरीरात अन्यत्र काही दिसले नाही, हे वाक्य समाधानाचे आहे. डोळ्यात काही दिसले नाही, या वाक्यातून मात्र निदानाविषयी काहीच कळत नाही, कारण त्या आकाराची गाठ या यंत्राला बहुधा दिसतच नाही.

असे का होते, ते एका रोजच्या कामातून सांगतो. पेट कॅमेऱ्याची गुणवत्ता तपासण्यासाठी आमच्याकडे माणसाच्या धडाच्या आकाराचे एक प्लास्टिकचे भांडे असते. त्यात काचेसारखे पारदर्शक सहा पोकळ गोल बसवलेले असतात, त्यांचे व्यास १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटर. या सहाही गोलांत आम्ही एकाच बाटलीतले, एकाच तीव्रतेचे किरणोत्सारी द्रावण भरतो आणि सभोवतालच्या पाण्यात त्याच्या काही पट पातळ द्रावण घालतो. खरे तर चित्रात सहाही गोल सारखेच तेजस्वी दिसायला हवेत. प्रत्यक्षात ३७ मिलिमीटरचा गोल ठळक दिसतो, पुढचे गोल क्रमाने फिके होत जातात आणि १० मिलिमीटरचा गोल अनेकदा एक पुसट डाग म्हणून उरतो. द्रावण कमी झालेले नसते. यंत्राची बारकावे टिपण्याची सीमा चार ते सहा मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे लहान वस्तूची चमक शेजारच्या जागेत सांडते आणि पातळ होते. आता मामांच्या गाठीची उंची पाहा : ३.२ मिलिमीटर. आमच्या सर्वांत लहान गोलाच्या एक तृतीयांशही ती नाही. त्यातच डोळा काही भांड्यातल्या गोलासारखा स्थिर नसतो. मिटलेल्या पापणीआडही तो हलतो, आणि चित्र घ्यायला काही मिनिटे लागतात.

दुसरे कारण गाठीच्या स्वभावात आहे. एफडीजी ही फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर आहे. जी पेशी साखर अधाशीपणे ओढते ती चित्रात उजळते. त्वचेचा मेलानोमा बहुधा साखरेचा मोठा भोक्ता असतो, आणि म्हणूनच त्या रोगात पेट स्कॅनचे नाव झाले. डोळ्याच्या आतला मेलानोमा त्याच नावाचा असला तरी वेगळ्या घराण्याचा आहे. त्यात त्वचेच्या मेलानोमातले नेहमीचे जनुकीय बदल सापडत नाहीत, बहुतेक गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांतले बदल असतात, आणि चातीसारख्या निमुळत्या पेशींच्या अनेक गाठी साखर बेताचीच वापरतात. आजूबाजूला डोळा फिरवणारे स्नायू आणि थोड्याच अंतरावर मेंदू, दोघेही भरपूर साखर घेणारे. अशा शेजारात तीन मिलिमीटरची मंद गाठ दिसली नाही, यात नवल नाही. एफडीजीत डोळ्यातील गाठ दिसण्याचे प्रमाण आकाराबरोबर वाढते : लहान गाठी जवळजवळ कधीच दिसत नाहीत, मध्यम गाठींपैकी काहीच दिसतात आणि मोठ्या गाठी बहुतेक वेळा दिसतात. मोठ्या गाठी नेत्रतज्ज्ञांना त्याआधीच दिसलेल्या असतात.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. माझ्या उमेदीच्या काळात, पेट-सीटी आपल्याकडे नवे असताना, अशाच एका रुग्णाच्या अहवालात मी 'डोळ्यात घातक रोगाचा पुरावा नाही' असे लिहिले होते. यंत्राने दाखवले ते पाहता वाक्य खोटे नव्हते, पण रुग्णाने ते वाचले आणि सात महिने नेत्रतज्ज्ञांकडे पाऊल टाकले नाही. परत आले तेव्हा गाठ भिंतीतून वर येऊन अळंबीच्या आकाराची झाली होती आणि डोळा वाचवता आला नाही. त्यानंतर मी तो वाक्प्रयोग सोडला. आता मी लिहितो : 'सोनोग्राफीत नोंदलेल्या आकाराची गाठ या तपासणीत न दिसणे अपेक्षित आहे, त्यावरून निदान बदलू नये.' ताई, आपल्या अहवालात असे वाक्य नसेल, तर ते पुरवणी म्हणून जोडून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता दुसरा प्रश्न. डोळ्यातील मेलानोमा ओळखण्यासाठी कुठलीही आण्विक तपासणी आज पहिल्या क्रमांकावर नाही. पहिल्या क्रमांकावर आहेत नेत्रतज्ज्ञांचे डोळे, डोळ्याचा आतला भाग पाहण्याचे त्यांचे उपकरण म्हणजे अप्रत्यक्ष ऑफ्थॅल्मोस्कोप, आणि सोनोग्राफीचा लहानसा प्रोब. गाठीची जाडी २ मिलिमीटरहून अधिक असणे, दृष्टिपटलाखाली पाणी साठणे, रुग्णाला लक्षणे जाणवणे, गाठीवर नारिंगी रंगाचे कण दिसणे, गाठीची कड दृष्टिचेतेच्या तबकडीच्या अगदी जवळ असणे, आणि सोनोग्राफीत गाठीचा आतला भाग पोकळ भासणे, या खुणा एकत्र आल्या की अनुभवी डॉक्टरला साधा तीळ आणि मेलानोमा यांत फरक करता येतो. हे निदान किती भरवशाचे आहे? अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलानोमा स्टडीत मेलानोमा म्हणून काढलेले ४१३ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ४११ डोळ्यांत मेलानोमाच निघाला. इतकी अचूकता आमच्या शाखेतल्या कुठल्याही कॅमेऱ्याला या अवयवात गाठता आलेली नाही. म्हणूनच बहुतेक रुग्णांत डोळ्यातल्या गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवायच उपचार सुरू होतात, आणि ते योग्यच आहे.

मग आण्विक पद्धती आल्या तरी का? कारण ही अचूकता नेहमीची नव्हती. १९६० च्या दशकापर्यंत मेलानोमा समजून काढलेल्या डोळ्यांपैकी सुमारे एक पंचमांश डोळ्यांत दुसराच आजार निघत असे. निष्कारण डोळा गमावणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या काळी चांगली सोनोग्राफी हाताशी नव्हती. तेव्हा फॉस्फरस-३२ ची चाचणी पुढे आली. हे द्रव्य शिरेतून देत आणि वेगाने वाढणाऱ्या पेशी ते जास्त ओढून घेतील अशा अपेक्षेने एक-दोन दिवसांनी डोळ्यावर मोजणीचा प्रोब ठेवून दुसऱ्या बाजूशी तुलना करत. अडचण अशी की या द्रव्याचे बीटा किरण ऊतींत काही मिलिमीटरच जातात. गाठ डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर डोळ्यावरचे पातळ आवरण कापून प्रोब डोळ्याच्या मागे सरकवावा लागे, म्हणजे तपासणी कसली, ती लहानशी शस्त्रक्रियाच. दाह किंवा रक्तस्रावामुळेही आकडा वाढे. चित्र तर मिळतच नसे, मिळे ती फक्त एक संख्या. सोनोग्राफी सुधारली तशी ही चाचणी मागे पडली. तरीही त्या काळच्या डॉक्टरांविषयी मला आदर वाटतो, कारण डोळा काढण्याआधी खात्री करून घेण्याची त्यांची धडपड खरी होती.

त्यानंतर शरीरातून येणारे गॅमा किरण टिपून चित्र बनवणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याचे दिवस आले. गॅलियम-६७ वापरून पाहिले गेले, पण डोळ्यासारख्या लहान जागेत ते फारसे उपयोगी पडले नाही. १९८० च्या दशकात मेलानोमाच्या पेशीवरील प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचे तुकडे टेक्नेशियम-९९एमने चिन्हांकित करून, विशेषतः इटलीत, बरेच काम झाले. कल्पना सुंदर होती, पण गाठ आणि शेजार यांतला फरक चित्रात पुरेसा उठत नसे आणि लहान गाठी निसटत. इंडियम-१११ जोडलेले, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या पेशींवरील ग्राहकांना चिकटणारे द्रव्यही आजमावले गेले. या रोगाच्या निदानात त्यानेही घर केले नाही.

कोणीतरी सुचवलेला 'मेलानोमाचा स्पेक्ट' म्हणजे बहुधा आयोडीन-१२३ जोडलेल्या आयएमपी या द्रव्याची तपासणी. त्यावर थोडे थांबायला हवे, कारण जुन्या सर्व पद्धतींत तीच मला सर्वांत विचारपूर्वक वाटते. हे द्रव्य मूळचे मेंदूचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी बनवलेले. मेलानोमाच्या पेशीही ते घेतात आणि धरून ठेवतात असे लक्षात आल्यावर जपानमधील डॉक्टरांनी डोळ्यासाठी ते पद्धतशीरपणे वापरले. यातली सगळी खुबी वेळेत आहे. द्रव्य दिल्यावर लगेच चित्र घेतले तर शेजारचा मेंदू इतका झळाळतो की डोळ्यातले काही समजत नाही. २४ तासांनी घेतले तर निरोगी भागातले द्रव्य बरेचसे निघून गेलेले असते आणि गाठीतले टिकून राहते. आयोडीन-१२३ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, १३ तासांचे असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही चित्र घेण्याइतके किरण उरतात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास असल्याने त्याला हे जमले नसते. पुरेशा मोठ्या, गडद रंगाच्या गाठीत ही पद्धत एफडीजीपेक्षा अधिक विश्वासाची ठरते, कारण ती साखरेवर विसंबत नाही.

पण तिची मर्यादा 'पुरेशा मोठ्या' या शब्दांतच आहे. स्पेक्ट कॅमेऱ्याचा बारकावा साधारण आठ ते बारा मिलिमीटरचा, म्हणजे पेटहूनही जाडाभरडा. प्रौढ माणसाचा आख्खा डोळा पुढून मागे २४ मिलिमीटर असतो. शिवाय रंगद्रव्य नसलेला, फिकट मेलानोमा या पद्धतीत हुकू शकतो. आयोडीन-१२३ सायक्लोट्रॉनमध्ये बनते आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, हा व्यवहाराचा भाग वेगळाच. त्यामुळे ३.२ मिलिमीटरच्या गाठीसाठी मामांना गाडीत बसवून मुंबईला नेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. जाऊन आल्यावर तोही अहवाल कोरा येईल आणि मामांचा गैरसमज दुप्पट घट्ट होईल.

मेलानिनला थेट चिकटणारी बेंझामाइड वर्गातली द्रव्ये हा याच विचाराचा पुढचा टप्पा. आधी ती आयोडीन-१२३ ने चिन्हांकित करत. अलीकडच्या वर्षांत फ्लोरिन-१८ जोडून पेट कॅमेऱ्यासाठी तशी द्रव्ये तयार झाली आहेत आणि चीनमध्ये रुग्णांवर त्यांचे अभ्यास झाले आहेत. यकृतात पसरलेले, साखर न घेणारे मेलानोमाचे कण शोधण्यासाठी मला या वाटेकडून खरी आशा आहे. डोळ्यातल्या मूळ गाठीबाबत मात्र एक अडचण राहते : निरोगी डोळ्याच्या रंजित थरातही मेलानिन असतेच, आपल्या लोकांच्या डोळ्यांत तर भरपूर असते. त्यामुळे दोन्ही डोळे थोडेफार उजळणार आणि त्या उजेडात लहान गाठ वेगळी काढणे कठीण जाणार.

एफडीजी पेट डोळ्यात उजळला तर काय, हेही सांगायला हवे, कारण उलट बाजूची चूकही घडते. आपल्या देशात क्षयरोगाची गाठ कोरॉइडमध्ये होऊ शकते आणि ती साखर भरपूर घेते. फुप्फुस किंवा स्तन यांच्या कर्करोगाचा कण रक्तातून डोळ्यात येऊन बसलेला असेल तर तोही उजळू शकतो. म्हणजे उजळले म्हणून मेलानोमा असेही म्हणता येत नाही. मात्र गाठ मेलानोमाची की दुसरीकडून आलेली अशी नेत्रतज्ज्ञांना शंका असेल, तेव्हा सर्व शरीराचा पेट स्कॅन फार मोलाचा ठरतो, कारण तो मूळ रोगाची जागा दाखवू शकतो. मेलानोमाच्या मोठ्या गाठीत एफडीजीचे ग्रहण जास्त असणे हे काही अभ्यासांत गुणसूत्र ३ ची एक प्रत हरवण्याशी, म्हणजे अधिक आक्रमक स्वभावाशी, जोडलेले दिसते. तरीही केवळ त्या आकड्यावर रुग्णाचे भविष्य सांगणे मी टाळतो.

आण्विक तपासणीचे खरे काम डोळ्याबाहेर आहे. डोळ्याच्या आत लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) नसल्यामुळे हा रोग रक्तावाटे पसरतो, आणि पसरला तर दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत यकृतात दिसतो. निदानाच्या वेळी प्रसार सापडणारे रुग्ण फार थोडे, शंभरात दोन-चार. पुढच्या वर्षांत मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो होतो. म्हणून मामांचा पेट-सीटी करायला सांगणाऱ्या डॉक्टरांचे चुकले नाही. हाडे, फुप्फुसे, त्वचेखालचा भाग, सगळे शरीर एका फेरीत पाहून होते, आणि दुसराच एखादा लपलेला कर्करोगही क्वचित उघडकीस येतो. पण यकृताच्या बाबतीत पेट पुरेसा नाही, हे मी माझ्या शाखेचा माणूस असूनही सांगेन. यकृत स्वतः साखर घेते, चित्रात एक राखाडी पडदा तयार होतो, आणि त्यावर मंद, लहान कण उठून दिसत नाहीत. यकृतासाठी विशिष्ट कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय लहान कण अधिक चांगले दाखवतो. मामांचा पेट स्कॅन स्वच्छ असला तरी यकृताचा एमआरआय एकदा पायाभूत म्हणून करून ठेवावा. पुढे, गाठीचा धोका जास्त ठरला तर, साधारण दर सहा महिन्यांनी यकृत तपासावे. त्यासाठी एमआरआय किंवा सोनोग्राफी बरी, कारण दोन्हींत किरणोत्सार नाही. एका पेट स्कॅनमध्ये एफडीजीमुळेच सुमारे ७ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते आणि सीटीची वेगळी. एकदा घ्यायला ती मुळीच भीतीदायक नाही, पण वर्षातून दोनदा, कित्येक वर्षे घ्यायची असेल तर विचार करावा लागतो.

एका प्रकारात मात्र आमचा गॅमा कॅमेरा डोळ्याच्या डॉक्टरांना थेट मदत करतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा, म्हणजे कंजंक्टायव्हाचा मेलानोमा लसीकावाहिन्यांतून पसरतो. तिथे निवडक रुग्णांत गाठीच्या कडेला टेक्नेशियमयुक्त कोलॉइडचे अगदी थोडे थेंब टोचले की ते ज्या पहिल्या लसीकाग्रंथीत पोहोचतात ती कानापुढे किंवा जबड्याखाली कॅमेऱ्यात दिसते, आणि शल्यचिकित्सकाला नेमकी तीच काढून तपासता येते. मामांची गाठ डोळ्याच्या आत आहे, त्यामुळे त्यांना याची गरज नाही. पण 'डोळ्याचा मेलानोमा' या एकाच नावाखाली हे दोन वेगळे रोग येतात आणि घरचे लोक एकाची माहिती दुसऱ्याला लावतात, म्हणून हे सांगितले.

मामांच्या स्कॅनविषयी एक खुलासा आणखी विचारावा : तपासणीआधी सहा तास उपाशी होते का, रक्तातली साखर किती होती? आपल्याकडे 'फक्त अर्धा कप चहा घेतला' असे सांगणारे आजोबा आठवड्यातून एकदा तरी भेटतात, आणि त्या चहात दोन चमचे साखर असते. रक्तात साखर जास्त असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि चित्र मंदावते. डोळ्याच्या निष्कर्षात त्याने फरक पडणार नाही, पण 'शरीरात अन्यत्र काही नाही' या वाक्याचा भरवसा त्यावर अवलंबून आहे. साखरेची नोंद अहवालात किंवा विभागाच्या वहीत असतेच.

उपचार मात्र थांबवू नयेत. मध्यम आकाराच्या गाठींत प्लाक लावणे आणि डोळा काढणे यांत रुग्णाच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे वर सांगितलेल्याच अमेरिकी अभ्यासाने दाखवले आहे. तिथे आयोडीन-१२५ चा प्लाक वापरला होता. ३.२ मिलिमीटर उंचीची गाठ रुथेनियम-१०६ च्या प्लाकच्याही आवाक्यात येते, आणि असे प्लाक आता भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केले आहेत. गाठ आणखी काही मिलिमीटर वाढली तर हा पर्याय हातचा जाऊ शकतो.

नेत्रतज्ज्ञांकडे पुन्हा जाताना केवळ छापील अहवाल नेऊ नका. पेट-सीटीची सीडी, बी-स्कॅनचे मूळ कागद आणि डोळ्याच्या आतले रंगीत फोटो सोबत ठेवा, आणि पुरवणी वाक्य जोडलेला अहवाल त्यांच्यासमोरच मामांना वाचून दाखवायला सांगा. तरीही मामांचे मन मानत नसेल, तर त्यांना एकदा माझ्याकडे घेऊन या. त्या सहा गोलांचे चित्र मी त्यांना पडद्यावर दाखवीन आणि सर्वांत लहान गोल कुठे आहे तो त्यांनाच शोधायला सांगेन.